धरणगावची भिल्ल पलटण: जेम्स औट्रमच्या खानदेशातील दहा वर्षांचा प्रकरण अभ्यास

चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला खानदेशात औट्रम घाट म्हणतात. घाटात ट्रक बंद पडला, दरड कोसळली, बोगद्याच्या कामाची चर्चा निघाली की हे नाव वर्तमानपत्रात येते. ज्याच्या नावाने हा घाट ओळखला जातो तो जेम्स औट्रम 1825 साली भिल्लांच्या कामावर नेमला गेला तेव्हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. दहा वर्षांनी तो इथून गेला तेव्हा भिल्लांची एक आख्खी पलटण मागे ठेवून गेला. पुढे अफगाणिस्तान, सिंध, इराण, लखनौ असा त्याचा प्रवास झाला. 1863 मध्ये वारल्यावर त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरले. पण कारभारी म्हणून तो घडला तो धरणगावात.

या दहा वर्षांची गोष्ट इंग्रजी चरित्रांत एकाच चालीवर सांगितलेली असते. तरुण साहेब निःशस्त्र जंगलात जातो, वाघ मारतो, भिल्ल त्याच्यावर जीव टाकतात आणि मुलूख शांत होतो. आपल्याकडच्या लेखांतही हीच चाल उचललेली दिसते. माझे म्हणणे असे, की या प्रकरणात माणसाचा वाटा खरा आहे, पण तो दुसरा. पहिला वाटा पगाराचा आणि परत मिळालेल्या हक्कांचा. जिथे हक्क परत मिळाले नाहीत, तिथे ना पलटणीचा धाक पुरला, ना साहेबाची माया.

जागल्या डोंगरात का गेला

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला तेव्हा त्या मुलखाची पंधरा-सोळा वर्षे दुर्दशा चालली होती. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा इथून गेल्या, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. या काळात भिल्लांचे काय झाले हे नीट पाहायला हवे, कारण सगळे प्रकरण तिथूनच सुरू होते.

डोंगरात राहून लूटमार करणारे लोक, ही भिल्लांची ओळख कंपनीच्या कागदांनी पक्की केली. प्रत्यक्षात खानदेशातल्या कितीतरी गावांची राखण भिल्ल जागल्याच करीत होता. चोरी झाली तर माग काढायचा, तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन द्यायचा, माग लागला नाही तर स्वतः जबाब द्यायचा. त्याबदल्यात खळ्यावर त्याचे धान्य ठरलेले असे. सातमाळा, अजिंठ्याची रांग आणि सातपुडा इथल्या घाटवाटा नाईकांच्या, म्हणजे भिल्लांच्या म्होरक्यांच्या, हाती होत्या. तांडे आणि वाटसरू सुखरूप पार करायचे आणि त्याचा हक्क घ्यायचा, असा तो रिवाज. गाव ओस पडले, तसे जागल्याचे खळ्यावरचे धान्य गेले. वाट बंद पडली, तसा नाईकाचा हक्क गेला. मग ज्या मुलखाची राखण करायची तोच मुलूख लुटायची वेळ आली.

पेशवाईच्या अखेरच्या काळात सरकारी अंमलदारांनी यावर काढलेला उपाय भयंकर होता. कोपरगावला भिल्लांना अभयाचा कौल देतो म्हणून बोलावले, मोठ्या संख्येने जमा झाल्यावर त्यांची कत्तल केली आणि त्यांना विहिरींत टाकले. ही 1804 च्या सुमाराची घटना. ती लक्षात ठेवल्याशिवाय वीस वर्षांनंतर धरणगावात जे घडले त्याचा अर्थ लागत नाही. सरकारने बोलावले की जायचे नसते, हे भिल्ल पोराला घरातच कळत होते.

कंपनीची पहिली सात वर्षे

खानदेशात कंपनीचा पहिला राजकीय एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याच्या हिशेबी पन्नासएक नावाजलेले नाईक आपापल्या टोळ्यांसह डोंगरात होते. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांचे पुतणे त्यांना चिथावीत होते, भाडोत्री अरबांच्या तुकड्या अजून पुरत्या मोडलेल्या नव्हत्या. ब्रिग्जने दोन्ही बाजूंनी काम सुरू केले. डोंगराच्या वाटा रोखून दाणागोटा तोडला, हातात सापडलेल्यांना कडक शिक्षा केल्या. सातमाळ्यातला चिल नाईक पकडून 1819 मध्ये फाशी दिला. दुसरीकडे खाली येणाऱ्याला माफी, नाईकाला तनखा आणि जागल्याला त्याचे जुने काम देण्याची तयारी दाखवली.

तरीही काम टिकेना. एक नाईक खाली येई, दुसरा वर जाई. डोंगरात गेलेल्या पलटणींना हिवतापाने झोडपले. मैदानी लढाईसाठी तयार केलेला शिपाई, जड बंदूक आणि पूर्ण गणवेश घेऊन, ज्यातला एक ओढाही आपल्याला माहीत नाही अशा रानात, तिथेच ज्याचे सारे आयुष्य गेले त्याला शोधत होता. तनख्याचा शब्दही सगळीकडे सारखा पाळला जात नव्हता. माझ्या मते सात वर्षांच्या अपयशाचे खरे कारण तेच. फाशी लगेच होत होती, धान्य मात्र पुढच्या हंगामावर ढकलले जात होते.

1825 मध्ये बागलाणात नवे प्रकरण उभे राहिले. सेवराम नावाच्या एका माणसाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे दाखवून भिल्लांना गोळा केले. अंतापूर लुटले गेले आणि जमाव मुल्हेरच्या बाजूच्या किल्ल्यात शिरला. मालेगावच्या छावणीतून औट्रम थोडी माणसे घेऊन रातोरात निघाला आणि मोठी फौज येण्याआधीच त्याने जमावाची दाणादाण उडवली. याच सुमारास मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन खानदेशाची नवी व्यवस्था लावत होता. त्याने भिल्ल पलटण उभी करायचे काम या तरुणावर सोपवले. असे प्रयत्न आधी फसले होते आणि लष्करातल्या कित्येकांना ही कल्पनाच हास्यास्पद वाटत होती.

एल्फिन्स्टनची योजना तीन पायांवर उभी होती. ईशान्य भागात धरणगावला औट्रमची पलटण. दक्षिणेला कन्नडला कॅप्टन ओव्हन्स, त्याच्याकडे भिल्लांना जमिनीवर वसवण्याचे काम. वायव्येला, नंदुरबार-कुकरमुंड्याकडे, तिसरा एजंट. त्याच्याकडे सातपुड्याचे नाईक आणि मेवासी, म्हणजे तिथले छोटे भिल्ल सरदार. चरित्रांत पहिल्याच पायाची गोष्ट येते.

पहिले पाच जण

औट्रमची सुरुवात हल्ल्यापासून झाली, हे अनेकदा गाळले जाते. आधी त्याने डोंगरातल्या वस्त्यांवर अचानक छापे घातले, माणसे कैद केली आणि मग त्याच कैद्यांमार्फत नाईकांशी बोलणे लावले. नंतर तो एकटा त्यांच्या रानात जाऊन राहू लागला. पुढे लिहिलेल्या एका पत्रात त्याने हे मोकळेपणाने सांगितले आहे: नाईकांना भरपूर ब्रँडी पाजून त्यांची मने जिंकली, पहारा न ठेवता त्यांच्यात राहून विश्वास मिळवला आणि शेवटी त्यांच्यातल्या पाच धाडसी माणसांना आपल्याबरोबर यायला राजी केले. एवढी सुरुवात झाली तेव्हाच काम तडीला जाणार असे त्याला वाटले.

हे पाच जण कशावर आले? दारूवर आणि साहेबाच्या हिमतीवर आले, असे औट्रम म्हणतो. त्यातही तथ्य आहे. कोपरगावची आठवण असलेल्या माणसासमोर सरकारचा अधिकारी जेव्हा हत्यार बाजूला ठेवून त्याच्या झोपडीशेजारी झोपतो, तेव्हा दगा झाला तर आधी कोणाचा गळा कापला जाईल हे उघड असते. औट्रमने स्वतःला ओलीस ठेवले होते. याहून मोठा पुरावा त्याला देता आला नसता, आणि तो त्याने दिला याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण भरती सुरू झाल्यावर डोंगरात बातमी पसरली ती अशी, की सगळ्यांना एका जागी गोळा करून मारून टाकण्याचा हा सरकारचा डाव आहे. इंग्रजी लेखकांनी ही अफवा भिल्लांच्या भोळेपणाचे उदाहरण म्हणून नोंदवली. मला ती अनुभवाने शहाण्या झालेल्या माणसांची सावधगिरी वाटते. ती कमी झाली ती महिन्यामागून महिना पगार हातात पडू लागल्यावर. शिपायाला नियमित रोकड मिळते, तो सुटीत घरी जातो आणि परत येतो, हे वस्तीने पाहिले. मग भाऊ आला, मेहुणा आला. पाचाचे पंचवीस झाले, पुढे शंभर, आणि दोन वर्षांत पलटण सहाशेच्या घरात गेली.

या काळातला मालेगावचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. औट्रम आपले नवे भिल्ल रंगरूट घेऊन आपल्या मूळच्या पलटणीच्या, 23 व्या रेजिमेंटच्या छावणीत गेला. सोबत कवायत न आलेली, अंगावर पुरते कपडे नसलेली माणसे. समोर मुंबई इलाख्याची जुनी, नावाजलेली पलटण. तिच्यात उच्च जातींचे शिपाईही होते, आणि याच भिल्लांशी ते काल-परवापर्यंत लढत होते. हसतील, टाळतील, निदान लांब उभे राहतील अशी भीती होती. त्या शिपायांनी भिल्लांना भेटून, शेजारी बसवून पान-सुपारी दिली. ज्यांच्या सावलीपासून लोक दूर सरत त्यांना हातावर विडा मिळाला. ही बातमी डोंगरात किती वेगाने गेली असेल याचा अंदाज कोणाही मराठी माणसाला करता येईल. औट्रमने या भेटीचा परिणाम कृतज्ञतेने नोंदवला आहे. मला मात्र त्या शिपायांबद्दल अधिक आदर वाटतो. औट्रमचे नाव झाले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

शिकारीबद्दल थोडक्यात. 1825 ते 1834 या वर्षांत खानदेशात औट्रमच्या हजेरीत दोनशेच्या आसपास वाघ मारले गेले. आज हा आकडा वाचून पोटात गोळा येतो. त्या जंगलांत आता वाघाचा माग दिसला तरी बातमी होते. त्या वेळी मात्र शिकार हे रोजच्या सहवासाचे साधन होते. माग काढणारा भिल्ल, हाकारा करणारा भिल्ल, जखमी वाघासमोर साहेबाशेजारी उभा राहणारा भिल्ल. कवायतीच्या मैदानावर साहेब शिकवत असे, रानात भिल्ल शिकवत असत. आपले ज्ञान मोलाचे आहे आणि ते मानणारा अधिकारी आहे, हे त्यांना शिकारीतून कळले.

कन्नडचे नांगर

ओव्हन्सच्या कामावर चित्तथरारक असे काही लिहिता येत नाही, म्हणून त्याची आठवणही राहिली नाही. कन्नडच्या एजन्सीत पडीक जमीन भिल्ल कुटुंबांना दिली, सारा बऱ्याच वर्षांसाठी माफ केला आणि बैल, नांगर व बियाण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिली. प्रत्येक नाईकाच्या माणसांची नोंद ठेवली. गावोगावी जागल्यांना त्यांचे धान्य मिळते की नाही हे पाहायचे, पाटलाने अडवले असेल तर द्यायला लावायचे, सावकाराशी असलेले लहानसहान तंटे तिथल्या तिथे मिटवायचे, किरकोळ गुन्ह्यांचा निकाल लांबच्या कचेरीत न पाठवता एजंटनेच द्यायचा.

धरणगावच्या पलटणीत सहाशे माणसे गेली. खानदेशातली भिल्ल वस्ती त्याच्या कैक पटींनी मोठी होती. उरलेले शांत का राहिले याचे उत्तर पलटणीत सापडत नाही, ते या कंटाळवाण्या कामात आहे. 1828 मध्ये जिल्ह्याच्या कलेक्टरने कळवले की वीस वर्षांत प्रथमच या मुलखाला सलग सहा महिने स्वस्थता मिळाली. पलटणीच्या इतिहासात हे वाक्य औट्रमच्या खात्यावर जमा केलेले असते. निम्मे तरी ते कन्नडच्या नांगरांच्या खात्यावर जमा व्हायला हवे.

हाच चार्ल्स ओव्हन्स पुढे साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथल्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, झाला. 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले गेले तेव्हा तिथे तोच होता. भिल्ल जागल्याचे पायली-दोन पायली धान्य राखणारा अधिकारी छत्रपतींचे राज्य जाताना कंपनीच्या बाजूने उभा होता. वसाहतीच्या कारभाऱ्यांबद्दल एका वाक्यात निकाल देऊ पाहणाऱ्यांनी ही दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहावीत.

भिल्लांवर भिल्ल

पलटण तयार झाल्यावर तिचा उपयोग कोणावर झाला? भिल्लांवरच. 1830 मध्ये औट्रम तिला घेऊन डांगात उतरला. जिथे नेहमीच्या फौजा शिरायला धजत नसत त्या रानात भिल्ल शिपाई वाटा काढत गेले आणि डांगचे भिल्ल राजे कंपनीच्या अधिकाराखाली आले. 1831 मध्ये यावल आणि सावदा भागातल्या दरोड्यांचा तपास त्याच्याकडे आला. मोजकी माणसे हाताशी घेऊन त्याने 469 जणांना पकडले आणि त्यांतल्या 158 जणांविरुद्ध पुरावा उभा केला. हे आकडे त्याच्या कर्तबगारीचा दाखला म्हणून दिले जातात. त्यांतच हेही दिसते, की तीनशेहून अधिक माणसे अशी होती ज्यांच्याविरुद्ध पुरावा उभा राहिला नाही, तरी ती धरली गेली. कैदेतल्या त्या दिवसांत त्यांच्या शेतांचे, गुरांचे काय झाले, याचा आकडा कोणी ठेवला नाही.

डांगातल्या मोहिमेचा पुढचा हिशेब बारा वर्षांनी झाला. 1842 च्या सुमारास कंपनीने डांगच्या राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेतले. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता. राजांना वर्षाकाठी ठरलेली रक्कम मिळू लागली, साग खाली उतरू लागला. आहव्याला होळीच्या आधी डांग दरबार भरतो आणि त्या राजांच्या वारसांना आजही सरकारकडून सालाना दिला जातो. देणारे सरकार आता गुजरातचे आहे. औट्रमने जंगल विकत घेतले नाही, पण ज्या वाटेने लाकूडतोड्ये आत गेले ती त्याच्या पलटणीने उघडली होती.

तोच अधिकारी, दुसरा मुलूख

1835 मध्ये औट्रम गुजरातेत महीकांठ्याकडे गेला. नंतर पहिले अफगाण युद्ध, मग सिंध. सिंधच्या अमिरांवर अन्याय झाला असे मानून तो सिंध जिंकणाऱ्या सर चार्ल्स नेपियरशी उघड भांडला. बडोद्यात रेसिडेन्सीतल्या लाचखोरीवर बोट ठेवणारा अहवाल लिहून त्याने मुंबई सरकारची नाराजी ओढवून घेतली आणि 1851 मध्ये ते पद गमावले. हा त्याच्या स्वभावाचा खरा मोठेपणा. पण 1856 मध्ये अवधचे राज्य खालसा करायचा हुकूम आला तेव्हा लखनौत तो बजावला त्यानेच.

खानदेशच्या संदर्भात मला त्याच्या उरलेल्या कारकिर्दीतला एकच तुकडा महत्त्वाचा वाटतो: 1844 मधले कोल्हापूर आणि सावंतवाडीचे गडकऱ्यांचे बंड. सामानगड, पन्हाळा, मनोहर-मनसंतोष इथले गडकरी पिढ्यान् पिढ्या किल्ल्याची राखण करीत आणि त्याबदल्यात त्यांना जमिनी होत्या. कारभाराच्या नव्या मांडणीत त्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली गेल्या, आणि गडकऱ्यांनी किल्ल्यांचे दरवाजे बंद केले. म्हणजे राखणीच्या मोबदल्यात असलेला हक्क काढून घेतल्यावर जे खानदेशात झाले, तेच इथे झाले. दौऱ्यावर असलेला ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती लागला आणि पन्हाळ्यावर कैदेत पडला. मोहिमेत औट्रमही होता. इथे तो कोणाच्या झोपडीशेजारी झोपला नाही, कोणाला हक्क परत द्यायचे काम त्याच्याकडे नव्हते. तोफा लागल्या, किल्ले घेतले, जंगलातून पाठलाग झाला. अनुभव, धाडस, मुलखाची जाण, सगळे त्याच्याजवळ वीस वर्षांपूर्वीपेक्षा जास्त होते. मागे एल्फिन्स्टनची योजना तेवढी नव्हती.

अंबापाणी, 1858

खानदेशातल्या व्यवस्थेची परीक्षा 1857 मध्ये झाली. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण काजी नाईक, ज्याला लोक खाज्या नाईक म्हणतात, त्याच्याकडे होती. त्याचा बाप गुमान नाईक, त्याच्याही नावावर तीच राखण. खाज्याने कंपनीची चाकरी इमानाने केली होती. एका गुन्हेगाराचा त्याच्या हातून मृत्यू झाला, त्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि घाट हातचा गेला. पुढे त्याला सोडून परत कामावर घेतले, पण मन तुटले ते तुटले. 1857 मध्ये तो भीमा नाईकासह उठला आणि घाटातून जाणारा लाखोंचा सरकारी खजिना लुटला. त्याच्यामागे सातपुड्यातले शेकडो भिल्ल उभे राहिले.

11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. कंपनीच्या फौजेत कॅप्टन बर्चच्या हाताखाली धरणगावची भिल्ल पलटणही होती. समोर खाज्याचे भिल्ल, त्यांच्यात बायका-पोरेही. दोन्ही बाजूंनी तोच डोंगर ओळखणारी, तीच भाषा बोलणारी माणसे. पलटण फुटली नाही. लढाईनंतर पकडलेल्यांपैकी अनेकांना जागीच गोळ्या घालण्यात आल्या.

पलटण का फुटली नाही, याचे उत्तर औट्रमच्या आठवणीत शोधणारे लेखक आहेत. त्याला जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. शिपायांतल्या बहुतेकांनी त्याला पाहिलेही नसेल. त्यांच्या घरी मात्र दर महिन्याला पगार जात होता, आणि निवृत्त झालेल्या बापाला पेन्शन. खाज्याच्या बाजूच्या माणसांना यातले काहीच नव्हते. खाज्या नाईक दोन वर्षांनी फितुरीने मारला गेला, भीमा नाईकाला पकडून अंदमानात पाठवले. धरणगावची पलटण पुढे पोलिसांत विलीन झाली.